सातबाऱ्यातला बारा

दिवाळीच्या सुट्टीत मावसभाऊ म्हणाला, "दादा, शेत घेतोय. एकदा नजर टाक."

भोरच्या बाजूला, मुख्य रस्ता सोडून तीनेक किलोमीटर आत, डोंगराच्या उतारावर ते शेत होतं. जेसीबीने उतार कापून सपाट टप्पे पाडलेले, त्यांवर फक्कीच्या पांढऱ्या रेषा आणि प्रत्येक चौकोनाला एक नंबर. प्रत्येक चौकोन ११ गुंठ्यांचा. कमानीपाशी थोडी हिरवळ आणि शोभेची चार ताडं लावली होती. मी चपलेच्या टाचेने जमीन उकरून पाहिली. बोटभर माती, खाली नुसता मुरूम. एजंट भाव सांगत होता तो चौरस फुटाचा. भावाच्या हातात मोबाइलवरून छापून आणलेला कागद होता. तो म्हणाला, "सातबारा आहे ना? मग शेतच की."

तो एकटाच असं समजत नाही. गावाबाहेरची जमीन आहे, तिचा सातबारा निघतो, म्हणजे ते शेत, असं शिकलेली माणसंही धरून चालतात. पण सातबारा गायरानाचा निघतो, खडकाचा निघतो, नाल्याचा निघतो, बिनशेती झालेल्या प्लॉटचाही निघतो. जमीन शेत आहे की नाही याचं उत्तर त्याच कागदावर असतं हे खरं, पण आपण बघतो तिथे ते नसतं. परतीच्या वाटेवर गाडीत भावाला जे सांगितलं, तेच इथे नीट मांडतोय, कारण या एका गैरसमजापायी आयुष्यभराची पुंजी अडकलेली माणसं मी पाहिली आहेत.

आधी भाषेकडेच बघू. आमच्याकडे पश्चिम महाराष्ट्रात माणूस 'रानात' जातो, नगर-खानदेश-विदर्भाकडे 'वावरात' जातो. विहिरीचं पाणी असलेलं रान म्हणजे मळा. बांध घालून पाणी तुंबवलेलं भाताचं खाचर. कोकणात नारळी-पोफळीची वाडी, गोव्यात कुळागर आणि खाडीकाठचं खाजन. गवतासाठी राखलेलं ते कुरण, आणि गावाच्या गुरांसाठी सोडलेलं ते गायरान. या प्रत्येक नावात तिथे काय चालतं हे सांगितलेलं आहे. कोणी काही करत नसेल त्या जमिनीलाही आपल्याकडे नाव आहे: पड. 'यंदा रान पाडलं' असं शेतकरी म्हणतो तेव्हा मातीत काही बदललेलं नसतं. फक्त कसणारा हात थांबलेला असतो.

कायदाही नेमका याच वाटेने गेला आहे.

कायदा कशाला शेती म्हणतो

पश्चिम महाराष्ट्र, खानदेश आणि कोकणासाठी १९४८ चा महाराष्ट्र (पूर्वीचं नाव मुंबई) कूळवहिवाट व शेतजमीन कायदा आहे. लोक त्याला कूळकायदा म्हणतात; कूळ म्हणजे दुसऱ्याच्या मालकीची जमीन कसणारा. मराठवाड्याला जुन्या हैदराबाद राज्याकडून आलेला १९५० चा कायदा आणि विदर्भाला १९५८ चा. कूळकायद्याच्या सुरुवातीलाच 'शेती'ची व्याख्या आहे आणि ती वाचताना मला नेहमी वाटतं की लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर खरं रान होतं. पीक काढणं, बागायत, भाजीपाला, फळबाग हे सगळं त्यात येतंच. गवत वाढवणंसुद्धा शेती आहे. ठाणे-पालघरकडच्या ज्या कुरणांतून मुंबईच्या तबेल्यांना गवत जात आलं, ती कुरणं या व्याख्येत बसतात. शेतकऱ्याने आपल्या जमिनीवर आपलीच गुरं चारली तर तीही शेती. आणि शेवटी एक गोष्ट खास नाव घेऊन घातली आहे: राबासाठी वापरलेली जमीन.

राब ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. मावळात आणि कोकणात पाऊस यायच्या आधी, भाताचं रोप जिथे टाकायचं त्या तुकड्यावर शेण, झाडांचे कवळ (तोडलेल्या कोवळ्या फांद्या), पालापाचोळा, गवत आणि वर थोडी माती असे थर देतात आणि ते सावकाश जाळतात. त्याने तण मरतं, माती भुसभुशीत होते आणि रोप जोमाने येतं. या कवळासाठी डोंगरउतारावर जमीन लागते. ती वरकस. वरकसात एक दाणाही पिकला नाही तरी चालतं, कारण खालच्या खाचरातलं भात तिच्यावर उभं असतं. म्हणून कायद्याने तिलाही शेतीत धरलं. डोंगरावरचा झाडोरा शेत ठरतो तो असा, खालच्या पिकाशी असलेल्या नात्याने.

काय शेती नाही, हेही व्याख्येत आहे. नुसतं लाकूड तोडणं शेती नाही. दूधधंदा, कुक्कुटपालन, गुरांची पैदास, दुसऱ्यांची गुरं चारायला घेणं हे 'जोडधंदे' म्हणून वेगळे काढले आहेत. म्हणजे माझ्या माळावर माझ्या चार म्हशी चरल्या तर शेती, आणि त्याच माळावर शेजाऱ्याच्या चाळीस म्हशी पैसे घेऊन चारल्या तर जोडधंदा. गवत तेच, माळ तोच, तरी उत्तर वेगळं. अमेरिकेत माळावर गुरं वाढवणाऱ्या मोठाल्या जागांना रँच म्हणतात आणि तिथल्या शेती खात्याची मोजणी विक्रीवर चालते: वर्षाला एक हजार डॉलरचा शेतमाल जिथून विकला जातो किंवा एरवी विकला गेला असता, ती जागा फार्म. तिथे गुरं आणि पीक असा भेद नाही. आपल्याकडे कायद्याचा सगळा भर कसण्यावर.

हा भेद जाचक होता आणि गावोगावच्या दूधवाल्यांना आणि कोंबडीवाल्यांना तो वर्षानुवर्षं सोसावा लागला. गोठ्याची वीज शेतीच्या दराने नाही, कर्जाला शेतीची सवलत नाही, शेडवर ग्रामपंचायतीचा वेगळा कर. २०२५ च्या जुलैमध्ये राज्य मंत्रिमंडळाने ठराविक मर्यादेपर्यंतच्या पशुपालनाला कृषिसमकक्ष दर्जा देण्याचा निर्णय घेतला, तो या अडचणींवरचा उपाय आहे. वीज, कर्ज, कर यांत त्याने फरक पडावा. जमिनीच्या व्याख्येत मात्र त्याने बदल होत नाही, हे कोंबड्यांच्या शेडसाठी जागा घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये आयकराच्या एका प्रकरणात हाच धागा आणखी घट्ट केला. एका जमीनदाराच्या ताब्यात सालवृक्षांचं मोठं जुनं जंगल होतं. तो झाडांची राखण करायचा, वेळेवर तोड करायचा आणि म्हणायचा, हे उत्पन्न शेतीचं आहे. न्यायालयाने विचारलं की जमिनीवर मुळात मेहनत कोणी केली? नांगरट, पेरणी, लावणी ही पायाभूत कामं. खुरपणी, राखण, छाटणी, काढणी ही पुढची. पायाभूत कामं झाली असतील तर पुढचीही शेतीत मोडतात, पण पाया नसेल तर नुसत्या पुढच्या कामांना शेती म्हणता येत नाही. आपोआप उगवलेल्या जंगलाचं उत्पन्न त्यामुळे शेतीचं ठरत नाही. त्या जमीनदाराने मात्र उजाड झालेल्या भागांत स्वतः झाडं लावलेली होती, म्हणून निकाल त्याच्या बाजूने गेला. आजही आयकर खातं याच कसोटीवर बोलतं. अपवाद रोपवाटिकेचा: कुंडीत वा पिशवीत वाढवलेल्या रोपांचं उत्पन्नही शेतीचं मानायचं, असं २००८ मध्ये कायद्यातच लिहिलं गेलं.

सात वाचतात, बारा कोणी वाचत नाही

आता तो कागद हातात घ्या. सातबारा म्हणजे गावच्या दप्तरातले दोन नमुने एकाखाली एक छापलेले. वरचा नमुना सात, अधिकार अभिलेख. खालचा नमुना बारा, पिकांची नोंदवही. जमीन बघायला गेलेला माणूस सातच वाचतो: मालक कोण, क्षेत्र किती, बोजा आहे का, इतर हक्कांत कुळाचं किंवा बहिणीचं नाव आहे का. ते वाचायलाच हवं. पण सात सांगतो जमीन कोणाची. ती जमीन काय करते हे बारा सांगतो.

सातमध्येही एक जागा नजरेतून सुटते. डावीकडे क्षेत्राचे भाग पाडलेले असतात: जिरायत (पावसावरची), बागायत (पाण्याखालची), कोकण-मावळात 'तरी' (भाताची जमीन) आणि वरकस, आणि त्यांच्याखाली पोटखराबा. पोटखराबा म्हणजे गटातला, म्हणजे त्या नंबराच्या जमिनीतला, लागवडीला न येणारा भाग. त्याचे दोन वर्ग. 'अ' म्हणजे खडकाळ, किंवा शेतघर, खळं अशा कामात गुंतलेली जागा. 'ब' म्हणजे रस्ता, नाला, पाणवठा अशा सार्वजनिक वापराची जागा. एखाद्या उताऱ्यावर क्षेत्र दोन हेक्टर दिसतं आणि त्यातलं एक हेक्टर तीस आर पोटखराबा असतं. म्हणजे विकणारा दोन हेक्टर विकतोय, आणि पिकणारी जमीन आहे सत्तर आर. एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर, साधारण एक गुंठा. गुंठा ३३ फूट बाय ३३ फूट, चाळीस गुंठ्यांचा एकर. एवढं पाठ असलं तरी पुष्कळ फसवणूक टळते.

त्याच्या जवळच 'आकारणी' म्हणून काही रुपये-पैसे लिहिलेले असतात. पाच-सहा रुपयांचा तो आकडा बघून लोक हसतात. त्याच्यामागे मोठी हकिकत आहे. १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यातून रयतवारी मोजणीला सुरुवात केली. त्यांची माणसं शिवारात ठिकठिकाणी माती उकरायची. खोली किती, रंग काळा की तांबडा की पांढुरका, चुनखडी आहे का, उतार आहे का, पाणी लागतं का, यावरून सोळा आण्यांपैकी किती आण्याची जमीन हे ठरायचं आणि त्यावर सारा, म्हणजे जमिनीचा सरकारी कर, बसायचा. त्या खड्ड्यांचा हिशेब त्या पाच-सहा रुपयांत अजून शिल्लक आहे. शेजारशेजारच्या दोन गटांचा दर एकराला आकार ताडून बघितला तर भारी रान कुठलं आणि बरड कुठलं हे आजही बऱ्यापैकी कळतं. दुष्काळात हंगामाचा अंदाज लावायला सरकार जी पैसेवारी जाहीर करतं, तिचं जुनं नाव आणेवारी. पन्नास पैशांच्या खाली गेली की टंचाईच्या सवलती लागू होतात.

पण माती हा शेवटचा शब्द नाही. रत्नागिरीच्या सड्यावर जा. मैलोन् मैल जांभा कातळ, पावसाळ्यात चार बोटं गवत आणि उन्हाळ्यात तापलेला तवा. त्या आण्यांच्या मोजमापाने ती शून्य आण्याची जागा. तिथे लोकांनी सुरुंग लावून, पहारीने कातळ फोडून खड्डे काढले, लांबून डोक्यावरून माती आणून भरली, हापूसची कलमं लावली आणि पहिली काही वर्षं घागरीने पाणी घातलं. १९९० मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली आणि असे सडेच्या सडे बागा झाले. ज्याला कोणी शेत म्हटलं नसतं, ते हातांनी शेत झालं. आणि उलटही आहे. इंद्रायणीकाठची, नीरेकाठची पुरुषभर खोल काळी जमीन आज बाभळीखाली बुजलेली दिसते. तिला गुण सोळा आण्याचे, पण ती पडच.

म्हणून बारा बघायचा. त्याचे रकाने असे: वर्ष, हंगाम, खाते क्रमांक, पिकाचं नाव, पाण्याखालचं क्षेत्र, कोरडवाहू क्षेत्र, पाण्याचं साधन, लागवडीला उपलब्ध नसलेली जमीन आणि शेवटी शेरा. खरिपात सोयाबीन, रब्बीत हरभरा, साधन विहीर, असं लिहिलेलं असेल तर तिथे कोणीतरी घाम गाळतंय. 'चालू पड', 'कायम पड', 'गवत पड' असं ओळीने येत असेल तर समजायचं ते समजावं. बिनशेती झालेल्या जमिनीच्या नव्या उताऱ्यावर तर स्पष्टच छापून येतं की या क्षेत्राला नमुना बाराची गरज नाही. शेत असण्याची खूण सरकारनेही बारामध्येच धरली आहे, याहून स्पष्ट कबुली कुठली?

ही पीकपाहणी पूर्वी तलाठी करायचे. शिवारफेरी करून नोंद घ्यायची असा नियम, आणि चावडीत बसून मागच्या वर्षीचं उतरवून काढायचं अशीही पद्धत. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर आली आणि नोंद शेतकऱ्याच्या हातात गेली. मोबाइलवर गट निवडायचा, पीक, क्षेत्र आणि पाण्याचं साधन भरायचं, मग रानात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा. चूक झाली तर ४८ तासांत दुरुस्त करता येते.

माझ्या आत्याचं तीन एकर रान आहे. वय ६८, फोन साधा. दोन हंगाम तिची नोंदच झाली नाही. ज्यांनी उरलेल्या शेतकऱ्यांची नोंद पुरी करायची त्यांनी तिच्या गटावर सरसकट 'पड' लावून टाकलं. रानात तूर कमरेएवढी उभी आणि कागदावर पड. तूर हमीभावाने घालायला केंद्रावर गेलो तर पहिला प्रश्न तोच, सातबाऱ्यावर पिकाची नोंद कुठे आहे? ती नव्हती. व्यापाऱ्याला कमी भावाने घालावी लागली. आत्या काही बोलली नाही. घरी आल्यावर तिने तो उतारा माझ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि विचारलं, "म्हणजे मी केलंच नाही का रे काही?" त्या प्रश्नानंतर मी बाराकडे कधी वरवर बघितलं नाही.

शेताला शेतकरी लागतो

जमिनीचं शेतपण माणसालाही बांधलेलं आहे. कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतजमीन बिगरशेतकऱ्याला विकता येत नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी असेल तरच. आणि शेतकरी कोण? जो जातीने जमीन कसतो तो. जातीने कसणं म्हणजे स्वतःच्या अंगमेहनतीने, घरच्यांच्या मेहनतीने, किंवा स्वतःच्या देखरेखीखाली रोजाने गडी-बाया लावून. मजुरी पैशात द्या नाही तर धान्यात द्या, पण पिकाच्या हिश्श्यात नको, असं कायदा सांगतो. म्हणजे पुण्यात राहून रान अर्धेलीने वाट्याला लावणारा या व्याख्येत नीट बसत नाही. आणि जो खरोखर वाट्याने कसतो, त्याचं नाव बहुधा कुठल्याच रकान्यात येत नाही, कारण नाव लागलं तर कूळ लागेल ही मालकाची भीती. १ एप्रिल १९५७, कृषकदिन, त्या दिवशी कसणारी कुळं मालक मानली गेली. त्याची धास्ती अजून शिवारात आहे. तिची शिक्षा वाटेकऱ्याला बसते: नुकसानभरपाई मालकाच्या खात्यावर, विमा मालकाच्या नावावर, कर्ज सावकाराकडून. ही गोष्ट मला सहन होत नाही आणि कुणाला होऊही नये.

शेजारी वेगळ्या वाटेने गेले. कर्नाटकाने २०२० मध्ये बिगरशेतकऱ्यांवरची खरेदीची बंदी काढून टाकली. गोव्याने उलट २०२३ मध्ये भातशेतीच्या जमिनी बिगरशेतकऱ्याकडे जाऊ नयेत म्हणून नवा कायदा केला. बेळगावात नातेवाईक असणाऱ्यांनी आणि गोव्यात जागा बघणाऱ्यांनी 'आमच्याकडे चालतं' असं गृहीत धरू नये ते यासाठी.

किती लहान, किती मोठं

१९७०-७१ मध्ये महाराष्ट्रात खातेदाराच्या वाट्याला सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ च्या कृषिगणनेत ती १.३४ हेक्टरवर आली. वाटण्या होत गेल्या, बांध वाढत गेले. दोन भावांत एक बांध, चार नातवंडांत तीन, आणि बांधाखाली गेलेली जमीन कोणाचीच नाही. बैलाला वळायला जागा उरत नाही, मग ट्रॅक्टरचं काय घेऊन बसलात. हे होणार हे ओळखूनच १९४७ चा तुकडेबंदी कायदा आला. शेत परवडायला किमान किती हवं याला तो 'प्रमाणभूत क्षेत्र' म्हणतो. २०२३ मध्ये बहुतेक जिल्ह्यांसाठी ते जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे ठरवलं गेलं. त्याहून लहान तुकडा शेत म्हणून सुटा विकता येत नाही. २०२५ मध्ये शहरी हद्दीतल्या आणि निवासी म्हणून आखलेल्या भागांतल्या तुकड्यांना सवलत मिळाली, पण डोंगरावरच्या रानाला ती लागू नाही.

वरची मर्यादा कमाल जमीनधारणा कायद्याची, १९६१ चा. बारमाही पाण्याची जमीन एका कुटुंबाला १८ एकर, कोरडवाहू ५४ एकर. दोन्ही एकाच तागडीत का? कारण पाणी असलेले अठरा आणि पावसावरचे चोपन्न यांतून घर सारखंच चालतं असा तो हिशेब. शेताचं माप एकरात असतं पण त्याची लायकी पाण्यात असते, हे कायदा लिहिणाऱ्यांना पुरतं ठाऊक होतं.

आता भावाचे ११ गुंठे आठवा. मुरमाड उतार, विहीर नाही, म्हणजे जिरायत. तिथे वीस गुंठ्यांखाली सुटं खरेदीखत व्हायला नको. मग अकराच का? कारण बागायतीचा दहाचा आकडा दाखवून गिऱ्हाइकाला धीर देता येतो. कुठे कागदावर पाणी दाखवतात, कुठे पंधरा जणांना एकाच गटात सामाईक हिस्सेदार करतात. सामाईक म्हणजे तुमचा चौकोन फक्कीत आहे, नकाशात नाही. उद्या एकाने हरकत घेतली की बाकी चौदा अडकले.

आणि 'फार्महाऊस'? कायद्यात शेतघर आहे, पण ते शेतीसाठी. अवजारं, खत, वैरण, धान्य ठेवायला, गुरं बांधायला, आणि शेतकऱ्याला, त्याच्या घरच्यांना वा गड्यांना राहायला. घर शेताची सोय म्हणून येतं. शनिवार-रविवारच्या बंगल्यापुढे चार पेरू लावले तर नातं उलटं होतं. आराखड्यात शेतीसाठी राखलेल्या विभागात (झोनमध्ये) शेतघराची परवानगी मिळायला जमीन किमान ०.४ हेक्टर, म्हणजे एकरभर तरी लागते, आणि बांधकामाला मर्यादा असते. ११ गुंठ्यांत ते बसत नाही. बिनशेती करून घ्यावी तर महसूल संहितेची वेगळी वाट आहे. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत ती पुष्कळ सोपी झाली आहे. तो डोंगर गावठाणापासून दीड किलोमीटर.

विकतानाही हा प्रश्न परत समोर येतो. ग्रामीण शेतजमीन विकली तर भांडवली नफ्यावर कर नाही. त्यासाठी जमीन नगरपालिकेच्या हद्दीबाहेर हवी, आणि त्या शहराची लोकवस्ती दहा हजार ते एक लाख असेल तर दोन, दहा लाखांपर्यंत सहा आणि त्याहून मोठ्या शहरापासून आठ किलोमीटरच्या पलीकडे. हे अंतर सरळ रेषेत धरतात, रस्त्याने नाही. पण नुसतं अंतर भरून चालत नाही, ती शेतजमीन असायला हवी. सुरतेतल्या एका जमिनीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये निकाल दिला. महसुली दप्तरात ती शेतजमीन म्हणूनच होती, सारा भरलेला होता. न्यायालयाने बाकीचंही बघितलं: विक्रीआधी काही वर्षं ती कसलीच नव्हती, शहराच्या हद्दीत होती, घरबांधणी संस्थेला विकली आणि भाव ठरला तो चौरस वारावर. या सगळ्याचं वजन करून ती शेतजमीन नाही असं ठरलं. शेताचा व्यवहार एकरात होतो. वार आणि फूट ही घराची मापं.

गाडीत एवढं बोलून होईपर्यंत शिरवळ आलं. भाऊ बराच वेळ गप्प होता. मग त्याने एजंटाला फोन लावला आणि मागच्या वर्षांचा नमुना बारा मागितला. व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा तोच उतारा आला, खालचा अर्धा भाग कापलेला. दुसऱ्या दिवशी आम्ही ऑनलाइन १५ रुपये भरून डिजिटल सहीचा पूर्ण उतारा काढला आणि तहसिलीतून जुन्या हस्तलिखित उताऱ्याची नक्कल मिळवली. नव्यावर ओळीने 'गवत पड'. जुन्यावर, शाई उडालेल्या १९९३-९४ च्या ओळीत, खरिपाला नाचणी २० आर आणि वरई १५ आर, अजलसिंचित म्हणजे कोरडवाहू. पुढच्या रकान्यात तलाठ्याच्या बारीक अक्षरात कसणाऱ्याचं नाव होतं. ते आजच्या विकणाऱ्यांपैकी कोणाचंच नव्हतं.